पिवळ्या खोलीतला कोट

सकाळपासून धुकं असं बसलं होतं, की समोरच्या घरातल्या कांद्याचा वास येत होता पण घर दिसत नव्हतं. बारीकरावांनी खिडकीची काच बाहीने पुसली. मग ती उघडून बाहेरूनही पुसली. धुकं काचेवर नाही, गल्लीतच आहे हे पटल्यावर त्यांनी त्याला हलक्या आवाजात एक शिवी घातली. रफूवाल्याचं आणि आभाळाचं जन्माचं वैर. शिंप्याला अंधुक चालतं, इस्त्रीवाल्याला काळोखही चालून जातो. रफूवाल्याला मात्र ऊन लागतं, आणि तेही समोरून डोळ्यांत घुसणारं नाही, खिडकीच्या कडेने लाजत आलेलं.

मांडीवर कोट होता. गडद निळा, लोकरीचा, उजव्या कोपराच्या जरा वर सिगारेटने पाडलेलं भोक. भोक मसुराच्या दाण्याएवढं, पण लोकरीला एकदा भोक पडलं की ते खोट्यासारखं आपोआप वाढत जातं. कोट लाँड्रीवाल्याने आणून दिला होता. म्हणाला होता, "बारीकराव, गिऱ्हाइकाची उद्या नोकरीची मुलाखत आहे. बिचाऱ्याला एकच कोट आहे. आज दुपारी मी न्यायला येणार म्हणजे येणार."

बारीकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अंगाने बारीक, आवाजाने बारीक आणि धंदा तर बारकाव्याचाच, म्हणून गल्लीने ते चिकटवलेलं. लग्न ठरलं तेव्हा बायकोच्या आत्याने त्यांना दारात बघून "मागून येतोय का अजून कुणी?" असं विचारलं होतं. ती गोष्ट बायको अजून सांगायची, आणि दर वेळी नव्याने हसायची.

रफूची विद्या त्यांना मामांनी दिली. मामा म्हणायचे, ठिगळ लावतो तो शिंपी, भोक विसरायला लावतो तो रफूवाला. आधी उभे धागे भरायचे, मग त्यांच्या खालून-वरून आडवे, मूळ विणीची चाल धरून. आणि धागा शक्यतो त्याच कपड्याचा. शिवणीच्या आत जादा पट्टी दुमडलेली असते, तिच्यातून उपसायचा. कपड्याचं रक्त कपड्यालाच. ह्या कोटाचं दुर्दैव असं, की तो मालकाच्या पोटाबरोबर दोनदा सैल केलेला होता. आतली पट्टी पार संपलेली. कॉलरखाली बघितलं, खिशाच्या झाकणाखाली बघितलं, कुठे उपसायला जागा नव्हती. म्हणजे धागा मांडणीवरून घ्यायचा.

आणि नेमकं तेच बारीकरावांना नको होतं.

मांडणी खिडकीसमोरच्या भिंतीला होती. जुन्या लोकरी कपड्यांतून उपसलेले धागे त्यांनी आयुष्यभर रिळांवर गुंडाळून ठेवलेले. दुकानाची चिठ्ठी नाही, नंबर नाही, नुसते रंग. वर पांढरे-पिवळे, मधे लाल-गुलाबी, आणि सगळ्यात खाली गडद. ह्या खालच्या ओळीत गेल्या वर्षापासून घोटाळा झाला होता. घोटाळा रिळांत नव्हता, डोळ्यांत होता. काळा, निळा, तपकिरी आणि बाटलीसारखा हिरवा, हे चौघे त्यांना एकाच आईची लेकरं दिसायला लागले होते. आधी वाटलं खिडकी मळली. मग वाटलं चष्मा मळला. मग एके दिवशी स्वतःचे काळे मोजे शोधताना बायको म्हणाली, "अहो, हे हिरवे आहेत," आणि ते पलंगावर मोजे हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले.

बायकोला त्यांनी "घाईत दिसलं नाही" असं सांगितलं. सुईत दोरा तीच ओवून द्यायची, पण ते वयाचं, सगळ्यांचंच होतं. रंगाचं तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. लाँड्रीवाल्याला कळलं तर कामं बंद, हा एक भाग. दुसरा भाग मामांचा. मामांच्या डोळ्यात असाच पडदा आला होता. तो काढायला गेले आणि डोळाच गमावून बसले, दुसऱ्याने आधीच जेमतेम दिसायचं. पुढची वर्षं दाराशी खुर्ची टाकून, पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखत काढली. "कोण, सुनबाई का? आज चप्पल नवी दिसते," असं म्हणायचे. लोकांना कौतुक वाटायचं. बारीकरावांच्या अंगावर काटा यायचा.

म्हणून त्यांनी युक्ती केली होती. खालच्या ओळीची घोकंपट्टी. डाव्या कोपऱ्यात काळा, त्याच्याशेजारी गडद निळा, मग तपकिरी, मग हिरवा, मग पुढचे. रीळ काढलं की काम झाल्यावर त्याच खाचेत परत. डोळ्यांनी दगा दिला तरी हाताला घर पाठ होतं.

त्या सकाळीही हात आपोआप गेला. डावीकडून दुसरं रीळ. त्यांनी ते कोटाच्या बाहीवर धरून बघितलं, नुसतं सवयीने. दोन्ही सारखंच काळपट दिसलं. बायकोने स्वयंपाकघरातून येऊन सुई ओवून दिली आणि कोटाकडे न बघताच परत गेली. बारीकराव वाकले.

धुकं विरलं तेव्हा भोक नव्हतं. त्यांनी ओलं फडकं टाकून वरून इस्त्री दिली, बोट फिरवलं, उलट्या बाजूने बोट फिरवलं. बोटाला काही म्हणता काही लागलं नाही. "झालं," ते म्हणाले, आणि कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला.

तेवढ्यात दिवेवाली आली.

दिवेवाली हे नाव बायकोने ठेवलेलं. ती दिव्यांची चित्रकार होती, म्हणजे रंगाऐवजी उजेड वापरायची. महिन्यापूर्वी गल्लीत दारोदार फिरून म्हणाली, मला तुमच्या घरातली एक खोली थोड्या दिवसांसाठी द्या. मी तिथे उजेड मांडीन, लोक बघायला येतील. गॅलरीत नाही मांडायचं, माणसं राहतात तिथे मांडायचं. अर्ध्या गल्लीने दार लावून घेतलं. बारीकरावांच्या बायकोने मात्र नवऱ्याला न विचारता हो म्हणून टाकलं. "घरात येतं कोण आपल्या? फाटके कपडे. चार धड कपड्यांतली माणसं येऊ देत की." शेजारणीने पलंगाखालची जागा दिली होती आणि आता पस्तावत होती.

दिवेवालीच्या बोटांना चिकटपट्टीचे तुकडे लागलेले, डोळे जागरणाने लाल. खांद्यावर काळ्या कागदाची गुंडाळी. "काका, आता खिडकी बंद करते हां. तुमचं काम झालं ना?"

"झालं, झालं. घाल तुझा अंधार."

तिने खिडकीला काळा कागद डकवला, फटींना पट्टी मारली, आणि छताला आधीच टांगलेले दोन लांबट दिवे लावले. पूर्वी मोठ्या रस्त्यांवर असायचे तसले पिवळे. हळूहळू तापले आणि खोली पिवळी झाली. पिवळी म्हणजे हळदीसारखी नाही. त्या उजेडात पिवळ्याशिवाय दुसरा रंगच शिल्लक राहिला नाही. बायकोची लाल साडी मातकट झाली. मधल्या ओळीतली लाल-गुलाबी रिळं राखेसारखी झाली. बायकोने स्वतःचे हात पुढे धरून उलटसुलट केले. "अगं बाई, मी मेले की काय?"

"काकू, सगळे असेच दिसतात," दिवेवाली हसली. "ह्या दिव्यात दुसरा रंगच नसतो, म्हणून डोळ्याला रंग ओळखता येत नाही. लोक आत येतील, मांडणीवरचं एक रीळ उचलतील, रंग ठरवतील, आणि मग बाहेर पॅसेजमध्ये उजेडात जाऊन बघतील. एवढंच आहे माझं काम."

बारीकराव मांडणीसमोर उभे होते. वर्षभर एका ओळीपुरतं जे चाललं होतं ते ह्या पोरीने सगळ्या खोलीला करून ठेवलं होतं. त्यांना जरा बरंही वाटलं. इथे सगळेच आंधळे.

"खालची ओळ बघा काका," ती म्हणाली. "गडद रंग ह्या दिव्यात अगदी एक होतात. पण तुमचा काळा जास्त काळा होता, तो कोपऱ्यात वेगळा पडायचा. म्हणून मी काल ती ओळ जरा मिसळून टाकली. आता ओळखून दाखवा म्हणावं!"

"काल?" बारीकराव म्हणाले.

"काल संध्याकाळी. तुम्ही बाहेर गेला होतात. काकूंना विचारलं मी."

बायको पदर झटकत म्हणाली, "त्यात काय विचारायचं? ओळीतल्या ओळीत तर हलवली. आणि ह्यांना काय, दिसत नाही का? सकाळी बघूनच घेतलं असेल ना रीळ."

बारीकरावांचं बोट मांडणीच्या खालच्या ओळीवर गेलं. डावीकडून दुसरं. कोणतं होतं डावीकडून दुसरं?

त्यांनी खुर्चीवरचा कोट उचलला. ह्या पिवळ्यात बघण्यात अर्थ नव्हता. ते पॅसेजमध्ये गेले. तिथे जिन्याच्या झरोक्यातून उजेड यायचा. बाही डोळ्यांजवळ नेली. काळपट. रफूची जागा, काळपट. बाकीचा कोट, काळपट. कदाचित बरोबरच लागला असेल. मिसळताना निळं रीळ निळ्याच्याच जागी पडलं नसेल कशावरून? पण मनातल्या मनात त्यांनी त्या ओळीकडे बघितलं, तिथे काळा, हिरवा, तपकिरी, जांभळा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना हसत होते.

बायकोला विचारणं हा एक रस्ता होता. "अगं, जरा बघ, रंग जुळलाय का?" एवढंच. पण सबंध संसारात त्यांनी तिला रंग विचारलेला नव्हता. विचारलं की ती मान वर करणार, कोटाकडे नाही तर त्यांच्याकडे बघणार, आणि मग मोजे, मग सगळं उलगडत जाणार. एक धागा ओढला की सबंध वीण सुटते ती अशी.

शेजारच्या दारात शेजारीण कमरेवर हात देऊन उभी होती. बारीकरावांनी बाहीचं कोपर बाहेर काढून कोट हातावर असा टाकला, की रफूची जागा वर यावी.

"वहिनी, कोट बरा आहे नाही?"

"छान आहे हो भावजी," ती न बघता म्हणाली. "पण माझा पलंग बघितलात का? त्या पोरीने खाली निळा दिवा सोडलाय. मला म्हणाली, पलंग तरंगल्यासारखा वाटेल. तरंगतो कसला! खालची जळमटं, जुनी चप्पल, ह्यांनी हरवलेला रेडिओ, सगळं झगमगतंय. अख्खं गाव येऊन बघणार!"

"कोटाचा रंग..."

"कोटाचं काय घेऊन बसलात! माझी अब्रू पलंगाखाली आहे." आणि ती झाडू आणायला आत गेली.

बारीकरावांनी लाँड्रीवाल्याला फोन केला. आज कोट होत नाही, उद्या पहाटे देतो म्हणायचं. उद्यापर्यंत काहीतरी सुचेल. पलीकडून आधी रस्त्याचाच आवाज आला. "निघालोय, निघालोय!" लाँड्रीवाला ओरडला. "दोन कपडे आणखी आणतोय तुमच्यासाठी. आणि ते दिव्यांचं काय आहे तेही बघून घेतो म्हटलं. बायको मागे लागली होती, तिला नाही आणली." फोन बंद झाला. बारीकरावांच्या तोंडात वाक्य तसंच राहिलं.

दुपारी लोक यायला लागले. जिन्यावर चपलांचा ढीग झाला. एकेक टोळी पिवळ्या खोलीत शिरायची, शिरली की आधी गप्प व्हायची आणि मग एकदम सगळे बोलायला लागायचे. कुणी जीभ काढून एकमेकांना दाखवली. एका बाईने नवऱ्याला म्हटलं, "आत्ता दिसतोयस तू खरा." रिळं उचलली जात होती. "लाल! पैज!" "हट, हा निळा आहे." मग पॅसेजमध्ये धाव, मग आरडाओरडा. बायको दारात उभी राहून सगळ्यांना आत-बाहेर करत होती. लग्नघरात असावी तशी फुलली होती. "हे आमचे, रफूचं काम करतात. सगळे धागे ह्यांनीच गोळा केलेत हं." लोक बारीकरावांकडे बघायचे आणि तेही मान हलवायचे. कोट त्यांच्या मांडीवर होता. तळहाताला घाम आला होता. कोट खराब होईल म्हणून ते हात पँटला पुसत होते.

आणि त्यांना ती वाईट कल्पना तिथेच सुचली.

बारीकरावांचा धंद्यातला एक नेम होता, मामांपासून चालत आलेला. तयार कपडा ते कधी घडी करून द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाला खिडकीशी उभं करायचे, कपडा हातात द्यायचे आणि म्हणायचे, "शोधा." गिऱ्हाईक उजेडात कापड फिरवायचं, वाकायचं, बोटं लावायचं. सापडलं तर बारीकराव तो कपडा परत ठेवून घ्यायचे. सापडलं नाही तर घडी. लाँड्रीवाला आला की त्यालाही शोधायला लावायचे. आज खिडकीला काळा कागद होता. आज खोलीत रंगच नव्हता. इथे शोधायला सांगितलं तर साक्षात मामा आले तरी त्यांना सापडलं नसतं.

पुढे काय, ह्याचा विचार त्यांनी केला नाही. केला असता तर कळलं असतं, की मुलाखत काही पिवळ्या खोलीत नव्हती.

लाँड्रीवाला आला. जाडजूड माणूस, काखेत कागदात बांधलेलं गाठोडं. आत आला आणि स्वतःच्या पोटाकडे बघून म्हणाला, "आयला, शर्ट धुतला की मळवला माझा?" लोक हसले. बारीकराव उठले. त्यांनी कोट पसरून त्याच्या हातात दिला.

"शोधा," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला.

लाँड्रीवाल्याने बाही दिव्याखाली धरली. डोळे बारीक केले. अंगठ्याने दाबून बघितलं. आजूबाजूचे चार-दोन जण गंमत म्हणून वाकले. "कुठे होतं भोक?" "ह्या कोपराला." "छे, काहीच नाही." लाँड्रीवाल्याने शेवटी हात टेकले. "नाही बुवा! हरलो. तुम्ही माणूस नाही, कोळी आहात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बारीकरावांना त्या गालावर बसल्यासारख्या वाटल्या. त्यांनी झटपट घडी केली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली. गाठ पडेना. दुसऱ्यांदा पडली.

"हे घ्या. उशीर होईल तुम्हाला."

"हाकलताय होय? अहो, हे दोन कपडे तर घ्या." लाँड्रीवाला काखेतलं गाठोडं काढायला लागला.

"बाहेर. बाहेर चला, इथे गर्दी आहे," बारीकराव त्याला दाराकडे वळवत म्हणाले. जिन्यापर्यंत न्यायचा, दोन कपडे घ्यायचे, कोट बंद कागदात जाऊ द्यायचा. पॅसेज चार पावलांचा, झरोक्यातून आता चांगलं स्वच्छ ऊन पडलेलं. त्या उन्हातून पुडकं पार झालं असतं.

पण दारात बायको होती.

"घेतलात का कोट?" ती लाँड्रीवाल्याला म्हणाली, आणि मग पॅसेजमध्ये रिळं घेऊन उभ्या असलेल्या लोकांकडे वळली. "अहो, तुम्हाला खरं काम बघायचंय का ह्यांचं? ह्या पिवळ्यात काय कळतंय? इकडे द्या तो कोट. उजेडात बघा म्हणजे कळेल, भोक होतं तिथे आता काय आहे ते."

"अगं, राहू दे. बांधलाय," बारीकराव म्हणाले.

"मग सोडते की."

"अगं, त्यांना उशीर..."

"मला कसला उशीर," लाँड्रीवाला उदारपणे म्हणाला आणि पुडकं तिच्या हातात दिलं.

तिने सुतळी दातांनी सोडवली. कोट झटकला. उजवी बाही दोन्ही हातांवर आडवी धरली आणि उन्हात वर केली, जत्रेत कुणी जादूगार रुमाल दाखवतो तशी. "बघा!"

बारीकरावांनी कोटाकडे बघितलं. त्यांना निर्दोष काम दिसलं. आयुष्यातलं चांगलं म्हणावं असं. मग त्यांनी तोंडांकडे बघितलं.

पहिल्या बाईच्या भुवया वर गेल्या. एका माणसाने बाजूच्याला कोपर मारलं. लाँड्रीवाल्याचा जबडा सैल पडला. आणि बायको, तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं पण त्यातला जीव गेला. निळ्याशार बाहीवर, कोपराच्या वर, शेणाची टिकली लावावी तसा तपकिरी ठिपका बसला होता. वीण इतकी सुरेख, की तो डाग कापडातच उगवल्यासारखा वाटत होता.

"वा!" मागून एक तरुण म्हणाला. "हाही प्रदर्शनाचाच भाग आहे का? आत दिसत नाही, बाहेर आलं की दिसतं. भारी आहे!"

दोघा-तिघांना एकदम सुटल्यासारखं झालं. "हो हो, मस्तच." कुणी टाळी वाजवली. दिवेवाली आतून डोकावली. तिने कोट बघितला, बारीकरावांकडे बघितलं, आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बारीकरावांनी नुसतं हसून दाखवलं असतं तरी भागलं असतं. लाँड्रीवाला म्हणाला असता, गंमत करता होय, आणि कोट नीट करून मागितला असता, आणि आणखी काही महिने निघाले असते.

बायको त्यांच्याकडे बघत होती. मग लोकांना म्हणाली, "हो, म्हणजे... ते तसंच आहे ते. त्यांचीच आयडिया." तिच्या कपाळावर घाम फुटला होता. खोटं बोलायची सवय नसलेली बाई.

तिला तसं अडलेलं बघवेना. बारीकरावांनी पुढे होऊन बाहीला हात लावला.

"अगं," ते म्हणाले, "कुठला रंग लागलाय?"

पॅसेजमधली सगळी माणसं थबकली. बायको हळूच म्हणाली, "अहो, तुम्हाला..." आणि मग पुढचं तिने विचारलंच नाही. "तपकिरी."

"तपकिरी," बारीकराव म्हणाले. "मला निळाच वाटला. मला सगळं एकच वाटतं. खालची ओळ सगळी." ते लाँड्रीवाल्याकडे वळले. "आत तुम्हाला मुद्दाम शोधायला लावलं. तिथे सापडणार नाही हे मला माहीत होतं."

लाँड्रीवाल्याने डोकं खाजवलं. रागावायचं की काय करायचं ते त्याचं ठरेना. "बारीकराव, उद्या त्या माणसाची मुलाखत आहे हो. हे असं घालून गेला असता तो."

"होय."

"कधीपासून आहे हे?"

"झालं वर्षभर."

लाँड्रीवाल्याने काखेतलं गाठोडं पुन्हा नीट घट्ट धरलं. ते काही बाहेर आलं नाही. "कोट आज लागेल मला," तो शेवटी म्हणाला. "बसतो मी इथे. पुढचं पुढे बघू." आणि जिन्याच्या पायरीवर दुसऱ्यांच्या चपला सरकवून तो बसला.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. "वर्षभर! आणि मी आपली सुया ओवतेय मुकाट्याने. मला सांगितलं असतंत तर मी काय गल्लीत दवंडी पिटली असती?"

"मामांचं माहीत आहे ना तुला."

"मामांचा एक गेला. तुमचे दोन्ही चाललेत बसल्या जागी! उद्याच जायचं दाखवायला. मी येणार बरोबर, हात धरून नेईन, लहान पोरासारखे रडलात तरी नेईन." मग लोक ऐकताहेत हे ध्यानात येऊन तिने पदराने तोंड पुसलं. "बघा हो तुम्ही. आत बघा. दिवे आत आहेत, इथे काय आहे?"

लोक खाली बघत आत सरकले. दिवेवाली पुढे आली. "काका, मी ओळ हलवली म्हणून... मी कागद काढून टाकते. खिडकी उघडते लगेच."

"नको ग. लोक लांबून आलेत. तू हलवली नसतीस तर उद्या दुसऱ्या कुणी हलवली असती, आणि आणखी दोन कोट गेले असते माझ्या हातून." त्यांना तिच्यावर रागावता येत नव्हतं. "एवढं कर, माझं स्टूल इथे आणून दे. आणि ती खालची ओळ सगळी."

स्टूल पॅसेजमध्ये उन्हाच्या तुकड्यात आलं. रिळं एका ताटात घालून आली. बायको जमिनीवर बसली, पाय पसरून, कोटाचं टोक गुडघ्यावर घेऊन. तिने एकेक रीळ कोटाला लावून बघायला सुरुवात केली. "हा काळा. हा जांभळा, ह्याचं काय काम. हा... हा जरा फिका वाटतो."

"फिका म्हणजे कसा? धुतल्यासारखा की नवीन?"

"धुतल्यासारखा."

"मग तोच बघ. कोट जुना आहे, उडालेला असणार."

तिने पुन्हा लावलं, मान वाकडी करून, एक डोळा मिटून. लाँड्रीवाला पायरीवरून म्हणाला, "जुळतोय वहिनी, इथून तर जुळतोय." ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा, तुम्ही आत हरलात." लाँड्रीवाल्याला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं.

आतून कुणीतरी ओरडलं, "गुलाबी! शंभर टक्के गुलाबी!" आणि एक मुलगी हातात रीळ घेऊन धावत बाहेर आली, वाटेत बसलेल्या दोघांना बघून थांबली, आणि कडेकडेने उन्हाशी गेली.

बारीकरावांनी बाही उलटी केली. सकाळचं काम बोटांनी शोधलं. बोटांना ते मोठ्या मुश्किलीने सापडलं, इतकं ते बेमालूम होतं. त्यांनी सुईचं टोक आडव्या धाग्याखाली घातलं, जरा उचललं, आणि पहिला तपकिरी धागा अलगद ओढून काढला. तो मांडीवर टाकला. मग दुसरा.

"चहा टाकू का सगळ्यांना?" बायकोने विचारलं.

"आधी सुई ओवून ठेव," ते म्हणाले, आणि तिसऱ्या धाग्यासाठी वाकले.